वाचकांचे प्रश्न : तिकिटावर ‘६ई’, रेडिओवर ‘आयफ्लाय’

विमानतळ शहराला इतका लागून असल्यामुळे नागपूरच्या वाचकांना विमानांविषयी प्रश्न पडत राहतात आणि ते आमच्यापर्यंत पोहोचतातही. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी उड्डाणांच्या क्रमांकांविषयी आहेत. एका पत्राचे उत्तर दुसऱ्यात मिसळते आहे असे दिसल्यावर या अंकातील सदर या एकाच विषयाला द्यावे असे ठरवले.

प्रश्न : आमचे घर विमानांच्या वाटेजवळ आहे. डोक्यावरून जाणारे विमान कोणते आणि कुठून आले हे दाखवणारे ॲप नातवाने माझ्या मोबाइलवर घालून दिले आहे. गेल्या महिन्यात मुलगी आली तेव्हा तिच्या तिकिटावर ‘६ई’ आणि पुढे चार आकडे होते. ॲपवर मात्र त्याच वेळी उतरलेल्या विमानाजवळ ‘आयजीओ’ अशी तीन अक्षरे दिसत होती. ही दोन विमाने होती की एकच?
— एक वाचक, जयताळा

उत्तर : विमान एकच होते. त्याला दोन ठिकाणी दोन ओळखी आहेत आणि त्या ठरवणाऱ्या संस्थाही दोन आहेत.

तिकिटावर, बोर्डिंग पासवर, सामानाला बांधलेल्या चिठ्ठीवर आणि विमानतळावरील फलकावर दिसतो तो उड्डाण क्रमांक, म्हणजे आपण सर्व जण ज्याला फ्लाइट नंबर म्हणतो तो. त्याच्या सुरुवातीचा दोन अक्षरांचा संकेत ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना देते. ती १९४५ मध्ये हवाना येथे स्थापन झाली. तिकिटांची विक्री, आरक्षण, सामानाची पाठवणी आणि कंपन्यांचा आपसांतील हिशेब सुरळीत चालावा यासाठी तिला हे संकेत लागतात. इंडिगोचा ‘६ई’, एअर इंडियाचा ‘एआय’, स्पाइसजेटचा ‘एसजी’, अकासाचा ‘क्यूपी’ आणि एअर इंडिया एक्स्प्रेसचा ‘आयएक्स’ हे सगळे आयाटाचे संकेत आहेत. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांतून दोन-दोन अक्षरांच्या ६७६ जोड्याच तयार होतात आणि जगात कंपन्या त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून अक्षराच्या जोडीला आकडा घेण्याची सोय करावी लागली. ‘६ई’ मधला सहा असाच आला. तेवढ्यानेही भागत नाही. बंद पडलेल्या कंपनीचा संकेत काही काळाने दुसरीला दिला जातो, आणि ज्यांचे मार्ग एकमेकींच्या प्रदेशात येण्याचा संभव नाही अशा दोन लहान कंपन्या एकच संकेत वापरत असल्याचीही उदाहरणे आहेत.

विक्रीच्या व्यवहारात एवढी ढिलाई चालते, कारण तेथे चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ असतो. आकाशात असा वेळ नसतो. त्यामुळे विमानांच्या वाहतुकीसाठी दुसरी पद्धत आहे आणि ती ‘इकाओ’ ही संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संघटना पाहते. १९४४ च्या शिकागो कराराने तिचा पाया घातला आणि १९४७ मध्ये ती अस्तित्वात आली. या दोन्ही संघटनांची मुख्यालये कॅनडातील मॉन्ट्रियल या एकाच शहरात आहेत, परंतु त्यांची कामे अगदी वेगळी आहेत. इकाओदेखील पूर्वी दोन अक्षरांवरच काम भागवत असे. १९८०च्या दशकात तीन अक्षरांची पद्धत आली आणि १७,५७६ संकेतांची जागा तयार झाली. इंडिगोचा ‘आयजीओ’, एअर इंडियाचा ‘एआयसी’, स्पाइसजेटचा ‘एसईजे’, अकासाचा ‘एकेजे’. विमान निघण्यापूर्वी हवाई वाहतूक नियंत्रणाकडे जो उड्डाण आराखडा द्यावा लागतो, त्यात विमानाच्या ओळखीसाठी फक्त सात घरे असतात : तीन अक्षरे कंपनीची आणि उरलेली चार घरे त्या उड्डाणाची. वैमानिक हीच सात घरांची ओळख विमानातील यंत्रणेत भरतो, विमान ती ट्रान्सपाँडर या आपल्या रेडिओयंत्रावरून सतत प्रसारित करते, आणि आपल्या नातवाने दिलेले ॲप तीच पकडून दाखवते. म्हणून ॲपवर ‘आयजीओ’ दिसते.

याखेरीज एक तिसरी ओळख आहे आणि आम्हांला सर्वांत जास्त आवडते ती हीच. रेडिओवर बोलताना वैमानिक ‘सिक्स ई’ म्हणत नाही आणि ‘आय जी ओ’ असेही म्हणत नाही. तो म्हणतो ‘आयफ्लाय’. इंडिगोला इकाओच्या नोंदीत बोलण्यासाठी दिलेले हे नाव आहे. पत्रिकेतले नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे आणि अंगणातून हाक मारायचे तिसरे, असे आपल्याकडे एकाच मुलाच्या बाबतीत घडते. विमानाचे हाकेचे नाव म्हणजे हे. ते सोपे असावे, कोणत्याही देशाच्या माणसाला उच्चारता यावे आणि दुसऱ्या कोणाच्या नावासारखे वाटू नये, अशी अपेक्षा असते. एअर इंडियाचे ‘एअरइंडिया’, स्पाइसजेटचे ‘स्पाइसजेट’ आणि अकासाचे ‘अकासा एअर’ ही सरळ नावे आहेत. एअर इंडिया एक्स्प्रेस मात्र रेडिओवर ‘एक्स्प्रेस इंडिया’ होते. शब्दांची ही उलटापालट योग्यच म्हणावी लागेल, कारण दोन्ही नावांची सुरुवात ‘एअर इंडिया’ अशी झाली असती तर गर्दीच्या वेळी घोळ ठरलेला होता. अलायन्स एअरला ‘अलाइड’ म्हणून हाक मारतात. ज्या इंडियन एअरलाइन्सची ‘आयसी’ ही अक्षरे आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे आहेत, तिचे रेडिओवरील नाव ‘इंडेअर’ होते. परदेशी कंपन्यांत ब्रिटिश एअरवेजचे ‘स्पीडबर्ड’ हे नाव तिच्या पूर्वजांपैकी इम्पीरियल एअरवेज या कंपनीच्या १९३०च्या दशकातील पक्षिचिन्हावरून आले आहे. दक्षिण आफ्रिकेची कंपनी ‘स्प्रिंगबॉक’ या हरणाचे नाव लावते आणि आयर्लंडची एअर लिंगस ‘शॅमरॉक’ या तीन पानी वनस्पतीचे. पॅन ॲम १९९१ मध्ये बंद पडेपर्यंत ‘क्लिपर’ होती.

प्रश्न : फ्लाइट नंबरमधील आकडे कोण ठरवते? मी कामानिमित्त मुंबई-दिल्ली नेहमी करतो. जाताना विषम आणि येताना सम असे काही कंपन्यांच्या बाबतीत दिसते, काहींच्या बाबतीत दिसत नाही. विस्तारा कंपनी एअर इंडियात गेल्यापासून तर आकडेच वाढले आहेत.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आकडे कंपनी स्वतः ठरवते. दोन अक्षरे बाहेरून मिळतात, पण त्यापुढील एक ते चार आकडे हा कंपनीचा आपला कारभार आहे. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, विमान वाहतुकीचे वेळापत्रक बदलते. त्या हंगामासाठी कंपनी आपले वेळापत्रक क्रमांकांसह तयार करून मंजुरीसाठी पाठवते. आपल्याकडे मंजुरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, परंतु कोणत्या उड्डाणाला कोणता आकडा द्यावा हे ते सांगत नाही.

सम-विषमाचा संकेत जुना आहे, मात्र तो नियम नव्हे. अमेरिकेत पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या उड्डाणांना विषम, तर पूर्वेकडे आणि उत्तरेकडे जाणाऱ्यांना सम आकडा देण्याची रीत आहे. अनेक देशांत दिशेपेक्षा घर महत्त्वाचे मानले जाते : मुख्य तळावरून निघताना विषम, परतताना त्यापुढचा सम. एअर इंडियाचे दिल्लीहून न्यूयॉर्कला जाणारे उड्डाण एआय १०१ आणि तेथून परतणारे १०२. दिल्लीहून लंडनला एआय १११ आणि परत ११२. ब्रिटिश एअरवेज लंडनहून मुंबईला १३९ क्रमांकाने येते आणि १३८ ने परतते, म्हणजे येथे परतीचा आकडा एकाने कमी आहे. घर ते बाहेर ही कल्पना एकदा ध्यानात आली की तळ कोणता हे आकड्यावरून ओळखता येते. ज्या कंपनीचे विमान दिवसभर पाच-सहा शहरे जोडत फिरते आणि ज्या कंपनीला तळच अनेक आहेत, तिच्या बाबतीत जाणे कोणते आणि येणे कोणते हेच सांगता येत नाही. आपल्याला काही कंपन्यांत हा क्रम सापडत नाही त्याचे कारण हे आहे.

आकड्यांच्या मालिकाही असतात. इंडियन एअरलाइन्सच्या काळात दिल्लीशी निगडित उड्डाणे बहुधा चारशे आणि आठशेच्या घरात, तर मुंबईची सहाशेच्या घरात असत. त्या कंपनीचे एअर इंडियाशी विलीनीकरण होऊन २०११ मध्ये ‘आयसी’ ही अक्षरे वापरातून गेली. विस्ताराचेही तसेच झाले. १२ नोव्हेंबर २०२४ पासून तिची विमाने एअर इंडियाच्या नावाने उडू लागली तेव्हा ‘यूके’ हा संकेत गेला आणि आधीच्या तीन आकड्यांच्या सुरुवातीला दोनचा आकडा लावण्यात आला. यूके ९५५ चे एआय २९५५ झाले. आपल्याला आकडे वाढल्यासारखे वाटतात ते यामुळे. आमच्या मते ही रचना समंजसपणाची होती, कारण जुन्या प्रवाशाला आपले उड्डाण ओळखता आले आणि एअर इंडियाच्या आधीच्या आकड्यांशी टक्करही झाली नाही.

लहान आकडे मानाचे समजले जातात. ब्रिटिश एअरवेजचा एक क्रमांक लंडन-न्यूयॉर्क काँकॉर्डला होता, आणि २००३ मध्ये काँकॉर्ड निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तो लंडन सिटी या छोट्या विमानतळावरून न्यूयॉर्कला जाणाऱ्या खास सेवेला देण्यात आला. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचा एक क्रमांक सिडनीहून लंडनला जातो. चीनकडे जाणाऱ्या उड्डाणांत आठ हा आकडा वारंवार दिसतो, कारण तेथे तो शुभ मानतात. उलट टोकाला, म्हणजे आठ-नऊ हजारांच्या घरात, अनेक कंपन्या प्रवासी नसलेली किंवा खास भाड्याने घेतलेली उड्डाणे ठेवतात. देखभालीसाठी विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात रिकामे येणारे विमान फलकावर दिसत नाही, पण त्यालाही क्रमांक किंवा दुसरी ओळख लागतेच. त्याशिवाय उड्डाण आराखडा भरता येत नाही.

प्रश्न : मी बारावीला आहे आणि पुढे वैमानिक होण्याचा विचार आहे. रेडिओवर नंबर नेमका कसा बोलतात? फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांना फ्लाइट नंबर नसतो, मग त्यांना काय म्हणतात?
— एक विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : आधी छोट्या विमानांविषयी, कारण आपली सुरुवात तेथूनच होईल. त्यांचे कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरील हाकेचे नाव, हे विमानाच्या अंगावर रंगवलेला नोंदणी क्रमांकच असते. भारतातील नागरी विमानांची नोंदणी ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होते आणि पुढे तीन अक्षरे असतात. समजा ती ए, बी, सी आहेत. मग वैमानिक ‘व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली’ असे म्हणेल. एकदा ओळख पटली आणि गोंधळाचा संभव नाही असे दिसले की नियंत्रक ते लहान करून ‘व्हिक्टर ब्राव्हो चार्ली’ म्हणू शकतो, म्हणजे पहिले अक्षर आणि शेवटची दोन. येथे एक शिस्त कायमची लक्षात ठेवावी : लहान रूप आधी नियंत्रकाने वापरायचे असते, त्यानंतरच वैमानिकाने. आपण होऊन नाव आखडायचे नाही. प्रवासी कंपनीच्या उड्डाणाचे नाव तर कोणीच आखडत नाही. ते प्रत्येक वेळी पूर्ण उच्चारावे लागते.

आता आकडे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत कॉलसाइनचा प्रत्येक आकडा सुटा उच्चारतात. अमेरिकेत ‘फिफ्टीन फॉर्टी नाइन’ अशी जोडीने बोलण्याची पद्धत आहे, ती आपल्याकडे नाही. काही आकड्यांचे उच्चार मुद्दाम बदललेले आहेत : तीनला ‘ट्री’, चारला ‘फोअर’ हे दोन स्पष्ट अवयवांत, पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नाइनर’. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ खरखरणाऱ्या रेडिओवर एकसारखे ऐकू येतात, म्हणून एकाचा शेवट कठोर केला आणि दुसऱ्याला एक अवयव जोडला.

समजा, इंडिगोचे ६ई ५२६१ हे विमान नागपूरला उतरण्याच्या बेतात आहे. नागपूरची धावपट्टी एका टोकाकडून १४ आणि दुसऱ्या टोकाकडून ३२ म्हणून ओळखली जाते. मनोऱ्यातून आवाज येईल, ‘आयफ्लाय फाइफ टू सिक्स वन, रनवे ट्री टू, क्लिअर्ड टु लँड’, आणि वैमानिक उत्तर देईल, ‘रनवे ट्री टू, क्लिअर्ड टु लँड, आयफ्लाय फाइफ टू सिक्स वन’. नियंत्रक नाव आधी घेतो, म्हणजे ज्याच्यासाठी निरोप आहे त्याचे कान टवकारतात. वैमानिक सूचना परत बोलून नाव शेवटी घेतो, म्हणजे ती योग्य विमानाने आणि योग्य रीतीने ऐकली की नाही हे नियंत्रकाला पडताळता येते. हे सगळे तीन-चार सेकंदांत होते आणि त्याच वाहिनीवर आणखी कितीतरी जण आपल्या पाळीची वाट पाहत असतात. म्हणून आरशासमोर उभे राहून याचा सराव आतापासून केला तरी वाया जाणार नाही.

आणखी एक शब्द आपल्याला नागपुरात ऐकू येईल. ज्या विमानांचे कमाल उड्डाण वजन १३६ टन किंवा त्याहून अधिक असते, त्यांचे वैमानिक पहिल्या संपर्कात कॉलसाइननंतर ‘हेवी’ असे म्हणतात, कारण अशा विमानामागे हवेत उठणारे भोवरे मागच्या लहान विमानाला धोक्याचे असतात. आपल्याकडे रोज येणारी बहुतेक प्रवासी विमाने या वर्गात बसत नाहीत. मिहानच्या देखभाल केंद्रात येणारे बोइंग ७७७ मात्र ‘हेवी’ असते.

प्रश्न : एकाच वेळी आकाशात ५२६१ आणि ५२१६ अशी दोन विमाने असली तर काय? वैमानिकाने दुसऱ्याची सूचना आपली समजून पाळली तर?
— एक वाचक, इतवारी

उत्तर : हे खरे भय आहे आणि या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण विचारला आहे. नागपूरच्या बाबतीत त्याला विशेष अर्थ आहे. आपले शहर देशाच्या मध्यावर असल्यामुळे १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या शहरी परतत. तेव्हा मैदानावर चार विमाने होती. आज दिल्लीहून दक्षिणेला आणि मुंबईहून कोलकात्याला जाणारे मार्ग याच परिसराच्या वर एकमेकांना छेदतात, त्यांवर एकाच कंपनीची अनेक विमाने एकाच वेळी असतात, आणि कंपनीचे नाव सारखेच असल्यामुळे नियंत्रकाच्या कानाला फरक करायला उरतात ते फक्त चार आकडे. त्यांपैकी दोन-तीन सारखे असले की चुकीला वाव मिळतो.

अनुभवी माणसाकडूनही आकडे कसे घसरतात याचे उदाहरण नोंदीत आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या यूएस एअरवेजच्या विमानाची दोन्ही इंजिने पक्ष्यांच्या धडकेने निकामी झाली आणि कॅप्टन सलनबर्गर यांनी ते हडसन नदीवर उतरवले. सर्वच्या सर्व १५५ जण वाचले. तिकिटावर कंपनीचे नाव यूएस एअरवेज, पण रेडिओवर ती ‘कॅक्टस’ होती, कारण २००५ मध्ये अमेरिका वेस्ट या कंपनीशी झालेल्या विलीनीकरणानंतर तिचे हाकेचे नाव कायम ठेवण्यात आले होते. उड्डाणाचा क्रमांक १५४९. संकटाची सूचना देताना कॅप्टनच्या तोंडून ‘कॅक्टस १५३९’ असे गेले आणि नियंत्रकाने त्यांना ‘१५२९’ म्हणून उत्तर दिले. दोघेही आपल्या कामात निष्णात होते. त्या क्षणी आवाज, संदर्भ आणि रडारवरील जागा यांमुळे कोण बोलते आहे हे स्पष्ट होते, म्हणून बिघडले काही नाही. परंतु चार आकड्यांची स्मरणशक्ती ताणाखाली किती विश्वासाची असते, हे त्यातून दिसते.

यावर उपाय तीन पातळ्यांवर आहेत. वेळापत्रक बनवतानाच कंपनीने सारखे आकडे एका वेळी एका भागात येणार नाहीत असे पाहायचे, हा पहिला. दुसरा नियंत्रकाच्या हातात आहे : गोंधळाची शक्यता दिसली तर तो एखाद्या विमानाला तात्पुरते वेगळ्या प्रकारचे कॉलसाइन वापरायला सांगू शकतो, आणि ‘सारख्या नावाचे विमान वाहिनीवर आहे’ असा इशाराही देतो. तिसरा उपाय आम्हांला सर्वांत पक्का वाटतो. उड्डाण क्रमांक आणि कॉलसाइन यांचे आकडे सारखेच असले पाहिजेत असे कोणतेही बंधन नाही. सात घरांपैकी शेवटच्या चारांत आकडे आणि अक्षरे मिसळता येतात. तिकिटावर चार आकडे असलेले उड्डाण रेडिओवर एक आकडा आणि दोन अक्षरे घेऊन, जसे ‘ट्री मायक लिमा’, असे बोलले जाऊ शकते. युरोपात ही पद्धत सर्रास आहे. तेथील युरोकंट्रोल या हवाई वाहतूक संस्थेने तर कंपन्यांना आपली वेळापत्रके आधीच तपासून सारखी नावे वेगळी करता यावीत अशी व्यवस्था उभी केली आहे. ‘५२६१’ आणि ‘५२१६’ ऐकणाऱ्याला दोन वेळा विचार करावा लागतो. ‘ट्री मायक लिमा’ आणि ‘सेव्हन किलो जुलिएट’ यांत कोणीही चुकणार नाही. ज्या देशात एका कंपनीची रोज दोन हजारांहून अधिक उड्डाणे होतात, तेथे अशी नावे अपवाद न राहता नेहमीची झाली पाहिजेत, असे आम्हांला मनापासून वाटते. प्रवाशाला त्याची किंचितही झळ लागत नाही. त्याचा तिकिटावरचा क्रमांक तोच राहतो.

प्रश्न : परदेशी कंपनीचे तिकीट काढले, नंबरही तिचाच, पण नागपूर-मुंबई प्रवास भारतीय कंपनीच्या विमानाने झाला. हे कसे?
— एक वाचक, रामदासपेठ

उत्तर : याला कोडशेअर म्हणतात. दोन कंपन्या करार करून एकीच्या विमानातील जागा दुसरीच्या क्रमांकानेही विकतात, त्यामुळे फलकावर एकाच उड्डाणापुढे दोन-तीन क्रमांक आळीपाळीने दिसतात. रेडिओवर मात्र ज्या कंपनीचे विमान आणि वैमानिक आहेत तिचेच नाव असते. सामानाचे नियम, काउंटर आणि टर्मिनल यांसाठी तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ या शब्दांपुढे लिहिलेली कंपनी पाहावी. मोठ्या अक्षरांतला क्रमांक पाहून चुकीच्या रांगेत उभे राहिलेले प्रवासी विमानतळावर नेहमी दिसतात.

प्रश्न : अपघात झालेल्या विमानाचा नंबर पुन्हा वापरतात का?
— एक वाचक, महाल

उत्तर : सहसा नाही. तसा कायदा नाही, पण शोकात असलेल्या कुटुंबांच्या आणि पुढील प्रवाशांच्या मनाचा विचार करून कंपन्या तो क्रमांक मागे घेतात, आणि हे योग्यच आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेल्या एआय १७१ च्या अपघातानंतर एअर इंडियाने तो क्रमांक काही दिवसांतच बंद करून त्या मार्गाला १५९ दिला. मलेशिया एअरलाइन्सने २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या एमएच ३७० बाबत हेच केले. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमानात ३२९ जण मृत्युमुखी पडले, त्या उड्डाणाचा क्रमांक एआय १८२ होता. तेच विमान टोरांटोहून मॉन्ट्रियलपर्यंत १८१ म्हणून आले होते आणि मॉन्ट्रियलहून भारताकडे वळताना १८२ झाले. बाहेर जाताना विषम आणि घरी येताना सम ही वर सांगितलेली रीत तेथेही होती.

प्रश्न : घरचे माणूस घ्यायला जायचे असते तेव्हा विमान कोणत्या नंबराने शोधावे? एकदा काल रात्रीचे रखडलेले विमान आणि आजचे विमान एकाच नंबराने दिसत होते.
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : विमानतळाच्या संकेतस्थळावर आणि फलकावर तिकिटावरचाच क्रमांक चालतो. मोबाइलवरील ॲपमध्येही बहुतेक वेळा तो चालतो, कारण ॲप दोन्ही ओळखी जुळवून ठेवते. मात्र क्रमांक कोडशेअरचा असेल तर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचा क्रमांक टाकावा. उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेले आणि त्या दिवशी त्याच क्रमांकाचे नेहमीचे उड्डाणही असले, तर वाहतूक नियंत्रणात एका नावाची दोन विमाने होऊ नयेत म्हणून रखडलेल्या विमानाच्या क्रमांकाच्या शेवटी एखादे अक्षर जोडतात, पुष्कळदा ‘डी’. प्रवाशांसाठीच्या फलकावर हे अक्षर नेहमी दाखवले जात नाही, म्हणून आपल्याला दोन्ही सारखी दिसली. अशा वेळी क्रमांकाबरोबर निघण्याची तारीखही पाहावी. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्या विमानाच्या बाबतीत तर ती निघाल्याच्या दिवसाचीच धरावी, उतरण्याच्या दिवसाची नव्हे.